दाराबाहेरची घरमालकीण

मी दाराच्या आत उभी होते, माझ्या हातात 'जागा नाही' अशी पाटी होती, आणि दाराबाहेर एडी पार आपलं वाक्य विसरला होता.

दार नाटकातलं. हिरव्या रंगाचं, प्लायवूडचं, मधोमध एक छोटी खिडकी असलेलं. रंगमंचावर ते प्रेक्षकांकडे कड करून उभं केलं होतं, म्हणजे त्यांना दोन्ही बाजू दिसाव्यात. आतल्या बाजूला मी, भडक गुलाबी साडीतली परदेशी पाहुणी. बाहेर एडी, साठी उलटलेला, ढेरपोट्या, गोल चेहऱ्याचा विनोदी नट. अंगात बाईचा झगा, त्यावर एप्रन, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप. तो घरमालकीण होता. इंग्रजीचं अक्षर न समजणारी एक पाहुणी त्याच्या खानावळीत येते, प्रत्येक गोष्टीचा उलटा अर्थ लावते, हळूहळू सगळ्या घराचा ताबा घेते आणि शेवटी घरमालकीणच स्वतःच्या दाराबाहेर अडकते, असा तो प्रवेश. शेवटचं वाक्य एडीचं होतं. दार बडवत त्यानं इंग्रजीत ओरडायचं, "अहो बाई, हे माझं घर आहे! मला आत घ्या!" की मी खिडकीतून पाटी बाहेर काढायची. हशा, टाळ्या, पडदा.

त्या संध्याकाळी त्यानं दार बडवलं आणि तो थांबला. खिडकीतून मला त्याचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत घरमालकीण नव्हती. वाक्य शोधणारा नटही नव्हता. मग त्यानं दारावर हलकेच बोटं वाजवली आणि मी कधी न ऐकलेल्या भाषेत, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "अगोर अ द्रूस, मॅम. माय हीन ओइर."

प्रेक्षागृह गप्प. मला त्या प्रवेशात मराठीच बोलायचं असे, तेव्हा मी मराठीतच त्याला प्रॉम्प्टिंग केलं. "अहो, वाक्य विसरलात! 'हे माझं घर आहे' म्हणा! घर! घर!"

सगळं थिएटर हसत सुटलं. तो पुन्हा काहीतरी बोलला, विनवणीच्या सुरात. मी पुन्हा मराठीत ओरडले. लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले. मी घाईघाईनं पाटी बाहेर काढली आणि पडदा पडला. त्या मोसमातली सगळ्यात मोठी टाळी आम्हाला त्या दिवशी मिळाली.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. उत्तर वेल्समधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात, समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला आमचं थिएटर होतं. उन्हाळ्यात लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅमकडची माणसं सुट्टीला तिथे येत आणि त्यांच्यासाठी उन्हाळाभर खेळ चाले. एक गायक, चार नाचणाऱ्या मुली, एक जादूगार आणि शेवटी एडी पार. मी सांगलीची शरयू आठल्ये. राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळवून, मग लग्न करून लेस्टरला गेलेली. त्या उन्हाळ्यापूर्वी मी तो संसार सोडून एका बॅगेनिशी बाहेर पडले होते. साडी नेसून स्टेजवर उभी राहील अशी बाई हवी आहे, हे कुणाकडून तरी कळलं आणि मी आले. सांगलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला रात्री झोप लागत नसे. दिवसा एका जागी बसवत नसे. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून समुद्र सारखा हलताना दिसायचा आणि मला वाटायचं, आपलंही असंच चाललंय. उभी आहे म्हणायचं, पण खाली काही नाही.

पडदा पडल्यावर आमचा मॅनेजर हॅरल्ड स्टॉट धावतच विंगेतून आला. लँकाशरचा, लालबुंद, सतत घामाघूम असलेला माणूस.

"एडी! काय भाषा होती ती?"

"वेल्श," एडी म्हणाला. त्यानं टोप काढला होता आणि तो हातात फिरवत होता.

"तुला वेल्श येतं? इतकी वर्षं ओळखतो मी तुला!"

"विचारलंस कधी?"

"हे ठेवायचं," स्टॉट म्हणाला. "रोज. ती तिच्या भाषेत, तू तुझ्या. बाबा रे, बायका हसून हसून रडत होत्या."

"मला वाटलंच, आवडेल," एडी हसत म्हणाला. मेकअपरूममध्ये मात्र ओठांची लाली त्याला नीट पुसता येईना. लाली सगळ्या हनुवटीवर पसरली. मी कापसाला क्रीम लावून पुढे केला. तो घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धक्क्यावरच्या बाकावर बसला होता. मी जाऊन शेजारी बसले. मला तो शारी म्हणायचा; शरयू त्याच्या तोंडात बसत नसे. त्या दुपारी पहिल्यांदा त्यानं मला आपलं खरं नाव सांगितलं. इड्वल पॅरी.

"छपरावर घालतात ना, तो काळा दगड," तो म्हणाला, "त्याच्या खाणीचं गाव आमचं. इथून डोंगरात वर गेलं की तासाभराच्या अंतरावर. वडील आठवडाभर खाणीत आणि रविवारी चॅपलमध्ये, प्रार्थनेला. दोन्हीकडे सारखेच कडक. लहानपणी मी चॅपलमध्ये कविता म्हणून बक्षिसं मिळवायचो. पण धर्मोपदेशकाची नक्कल केली आणि मुलं हसली, तेव्हा मला कळलं की आपल्याला काय करायचंय."

"मग?"

"मग काय. एका फिरत्या कंपनीबरोबर लिव्हरपूलला पळालो. तिथला एजंट म्हणाला, इड्वल? हे नाव जाहिरातीवर कोण वाचणार? त्यानं टेबलावर बसल्या बसल्या एडी पार करून टाकला. युद्धात सैनिकांपुढे खेळ केले. मग रेडिओ. शारी, तुला कल्पना नाही, दर गुरुवारी अर्धा देश माझा कार्यक्रम लावायचा. मी रस्त्यानं चाललो की टॅक्सीवाले ओरडायचे, 'छत्री आणलीत का?' माझं वाक्य होतं ते. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीचं."

"आणि आता?"

"आता टेलिव्हिजन आहे. दोन सिनेमे केले, दोन्हींत हवालदार. एकात तर पाठमोरा." तो हसला, मग उठला, बाकाभोवती एक फेरी मारून पुन्हा बसला. त्याला स्वस्थ बसता येत नसे. दोन मिनिटं बसला की उठायचा, खिसे चाचपायचा, काहीतरी हरवल्यासारखा.

"गावी जाता की नाही? इतक्या जवळ आहे म्हणता."

"आज वारा फार आहे," तो म्हणाला आणि धक्क्याच्या टोकाकडे चालू लागला.

स्टॉटच्या म्हणण्याप्रमाणे प्रवेश तसाच ठेवला गेला. शेवटी एडी वेल्श बोलायचा, मी मराठी. प्रेक्षकांत वेल्श समजणारं कुणी नसे. तिकिटं काढायची ती इंग्लंडहून आलेली मंडळी, आणि त्यांना दोन्ही भाषा म्हणजे सारखाच चेष्टेचा गोंगाट. माझ्या बोलण्याला काही बंधन नव्हतं. सुरुवातीला मी वाटेल ते बोलायची. भाजीचे भाव, शाळेतली प्रार्थना, सांगलीच्या बसथांब्यांची नावं. मग एकदा, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मी नवऱ्याला सोडून आलेय आणि घरी अजून कळवलेलं नाही." टाळ्या पडल्या. त्यानंतर मी रोज खरं तेच बोलायला लागले. इतक्या लोकांसमोर, इतक्या मोठ्यानं, आणि कुणाला काही कळत नव्हतं. आईला काय सांगू, परत जाऊ की नको, इथे माझं कोण आहे. मी सगळं बोलायची आणि लोक पोट धरून हसायचे.

एडीचं मात्र रोज तेच. शब्द मागेपुढे व्हायचे, पण सुरुवात तीच. 'अगोर अ द्रूस, मॅम.' मॅम म्हणजे बाईसाहेब, एवढं मला वाटत होतं. पाहुणीला घरमालकीण तसंच म्हणणार. त्यानंतरच्या शब्दांत एक 'माय' ऐकू यायचा. माझा मराठी कान, दुसरं काय, असं म्हणून मी ते सोडून द्यायची.

मला खटकलं ते वेगळंच. गंमत म्हणून केलेली गोष्ट नट रोज थोडी सुधारतो. कुठे हशा येतो ते बघून वाक्य लांबवतो, आखडतो. बाकीच्या प्रवेशात एडी ते करायचा. हशा किती उतरू द्यायचा आणि पुढचं वाक्य नेमकं कधी टाकायचं, हे त्याच्याइतकं जाणणारा नट मी तोवर पाहिला नव्हता. पण दारापाशी आला की तो हशाकडे लक्षच देत नसे. लोक हसतायत हे त्याला ऐकूच येत नाही असं वाटायचं. आणि पडदा पडल्यावर क्षणभर तो तिथेच उभा राहायचा. मी दार उघडून त्याच्या दंडाला धरायची, तेव्हा कुठे तो भानावर यायचा.

मग इतरही गोष्टी दिसू लागल्या. स्टॉटला तो एकदा 'सार्जंट' म्हणाला. एकदा चहाच्या किटलीत दाढीचा साबण टाकला. एका सकाळी मला तो गावाच्या स्टेशनवर उभा दिसला, झगा आणि एप्रन घातलेला, आणि त्याला तिथे का आलो हे सांगता येईना. मी माझा रेनकोट त्याच्या अंगावर टाकून त्याला परत आणलं.

मेकअपरूमचं दार लावून मी म्हटलं, "मिस्टर पार, तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात का?"

"कशाला?"

"तुम्ही शेवटी जे बोलता ते नाटक नाहीये. तुम्हाला ते आवरता येत नाही."

तो आरशासमोर बसला होता. आरशातूनच म्हणाला, "लोक हसतात ना? मग मी बरा आहे."

"तुम्ही हसत नाही."

"विनोदी नटानं हसायचं नसतं." मग खुर्ची वळवून त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात थंडगार होते. "शारी, मला ठाऊक आहे. वसंतातच डॉक्टरांनी सांगितलं. एकेक दिवा मालवत जाणार म्हणे. इंग्रजी आधी जाईल, कारण ते मी नंतर शिकलो. पण स्टॉटला कळलं तर तो उद्या दुसरा माणूस आणेल. मला हा मोसम पुरा करू दे. लोकांसमोर उभा असलो की मी कुठेतरी असतो. खोलीत असलो की कुठेच नसतो. सांगू नकोस."

"कुटुंबात कुणी आहे?"

"बायको गेली. मूल नाही." माझे हात सोडत म्हणाला, "बहीण होती. लहान होती मी निघालो तेव्हा."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून स्टेजवर मी सतत सावध असायची. त्याचं एखादं वाक्य हुकलं की मी पुढे होऊन मराठीत काहीतरी बोलून ते सांभाळून घ्यायची. तो कुठे वळतोय, कुठे पाहतोय, यावर माझं सगळं लक्ष. प्रवेश संपला की मी घामानं भिजलेली असायची.

ऑगस्टच्या अखेरीस स्टॉट नाचतच आला. लंडनहून टेलिव्हिजनचा एक निर्माता येणार होता, पेंडल नावाचा. त्याच्या कानावर आमचा प्रवेश गेला होता. आवडला तर तो नाताळच्या कार्यक्रमात, सगळ्या देशासमोर.

"तुम्हा दोघांना," स्टॉट म्हणाला. "एडी, तुझं पुनरागमन. आणि बाई, तू तर एका रात्रीत सगळ्यांना माहीत होशील."

खोटं कशाला सांगू, माझे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याला सोडून बाहेर पडलेल्या बाईला दाखवण्यासारखं काहीतरी हवं असतं. एडीचे डोळेही कितीतरी दिवसांनी चमकले. "शारी," तो म्हणाला, "एवढं एक जमलं ना, की मग दिवे गेले तरी चालतील."

पेंडल बुधवारी दुपारच्या खेळाला येणार होता. दुपारचा खेळ अर्धा रिकामा असायचा आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर विनोद पडतो. म्हणून स्टॉटनं डोंगराकडच्या गावांत निरोप धाडले. चॅपलच्या मंडळ्यांनी बसगाड्या करून यावं, तिकीट निम्म्या दरात. बुधवारी मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पुढच्या रांगा काळ्या कोटांनी, हॅट घातलेल्या म्हाताऱ्या बायकांनी आणि ताठ बसलेल्या पुरुषांनी भरल्या होत्या. त्यांच्यामागे नेहमीची सुट्टीवाली मंडळी. बाजूच्या बॉक्समध्ये पेंडल, पायावर पाय टाकून.

"पुढे कोण आहेत?" एडीनं विचारलं.

"स्टॉटनं कुठूनतरी बसगाड्या भरून आणल्यात."

"थिएटर भरलेलं आहे ना," तो म्हणाला. "छान."

प्रवेश सुरू झाला आणि एडी असा काही रंगला की मला वाटलं, आपण उगाच घाबरतो. एक वाक्य हुकलं नाही. चहाचा कप मी हात धुवायला वापरला तेव्हा काळ्या कोटातली माणसंही हसली. बॉक्समधला पेंडल पुढे वाकून बसला होता. पाहुणी सोफ्यावर आडवी झाली, पाहुणीनं पडदे बदलले, पाहुणीनं घरमालकिणीला बाजारात पिटाळलं, आणि दार लागलं.

एडीनं दार बडवलं. थांबला. मग हलकेच बोटं वाजवली.

"अगोर अ द्रूस, मॅम. माय हीन ओइर."

मागच्या रांगा सवयीनं हसल्या. पुढच्या रांगा हसल्या नाहीत. मी माझं मराठी सुरू केलं, "अहो, घर म्हणा, घर," आणि माझाच आवाज मला उघडा पडल्यासारखा ऐकू आला. पुढच्या रांगांत कुणी हलत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं मांडीवरची हॅट उचलून छातीशी धरली होती. एडी बोलतच होता. रोजच्यापेक्षा जास्त. दाराला गाल टेकवून, भराभरा, मध्येच धापा टाकत. मागचा हशा विरत विरत थांबला. आता सगळ्या थिएटरात फक्त तो बोलत होता आणि खाली समुद्र होता.

विंगेत स्टॉट हातवारे करत होता. पाटी! पाटी काढ! मी पाटी उचलली.

तेवढ्यात चौथ्या की पाचव्या रांगेत एक बाई उभी राहिली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची. "इड्वल!" तिनं हाक मारली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि मोठ्यानं म्हणाली, "अगोर इदो वो! अगोर!"

मला वेल्श येत नव्हतं. पण 'अगोर' हा शब्द मी उन्हाळाभर ऐकत होते, आणि ती बाई ज्या रीतीनं हात पुढे करून तो म्हणाली, त्यानंतर अर्थ विचारायची गरज नव्हती. मी स्टॉटकडे पाहिलं. तो दातओठ खात पाटीकडे बोट दाखवत होता. मी बॉक्सकडे पाहिलं. पेंडल वाट बघत होता. पाटी खिडकीतून बाहेर गेली की शेवट होणार, टाळी होणार, नाताळ होणार.

मी पाटी खाली ठेवली आणि कडी काढली.

एडीनं टोप काढून हातात घेतला होता. त्याचे विरळ केस कपाळाला चिकटले होते. मी दार सताड उघडलं तरी तो उंबरठ्यापाशीच उभा. तेव्हा मी म्हटलं, कुणाही मराठी घरात म्हणतात तसं, "ये रे, ये. आत ये. किती वेळ उभा राहशील?"

त्यानं पायपुसण्यावर नीट दोन्ही पाय पुसले. मग आत आला, खुर्चीत बसला आणि मांडीवर टोप ठेवून लहान मुलासारखा स्वस्थ झाला. उन्हाळाभरात मी त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. कुणीतरी पडदा पाडला. पलीकडून टाळी आली नाही.

विंगेत स्टॉट मला काय काय बोलला ते आता आठवत नाही. पेंडल आला, सभ्य माणूस होता. "फार चांगलं चाललं होतं," तो म्हणाला. "शेवट पडला. पाटीनं कमाल झाली असती. तुम्ही मला उद्या फोन करा. घरमालकिणीचं काम दुसरं कुणी करेल, त्याची काळजी नाही." मी बरं म्हटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

ती बाई मेकअपरूमच्या दारात उभी होती. लोअरी, एडीची बहीण. आत एडी आरशासमोर बसून शांतपणे लाली पुसत होता. ती आत जायच्या आधी मी तिचा हात धरला.

"ते रोज हेच म्हणतात," मी म्हटलं. "सगळा उन्हाळा. काय म्हणतात ते?"

तिचं इंग्रजी सावकाश होतं, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखं. "दार उघड, आई. थंडी आहे."

"मॅम म्हणजे..."

"आई."

मी आत पाहिलं; तो अजून लाली पुसत होता.

"तो पळून गेला तेव्हा वडील म्हणाले, नाटकवाल्याला हे दार बंद," लोअरी म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात तो आला. आईला बरं नाही असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. स्टेशनपासून बर्फातून चालत आला. दार वाजवलं, हाका मारल्या. आज जे बोलला ते सगळं बोलला, शब्दन् शब्द. मी चांगलं काम करतो, आई. मी दारू पीत नाही. मी फक्त लोकांना हसवतो. थोडा वेळ ऊब घेतो आणि जातो." ती थांबली. "वडील चुलीजवळ खुर्चीत बसले होते. आई दाराच्या आत उभी होती. कडीवर हात ठेवून. मी जिन्यात होते, मी पाहत होते. तिनं उघडलं नाही. उजाडलं तेव्हा बाहेर फक्त पावलं होती. वसंत यायच्या आधी आई गेली. तो परत आला नाही."

"तुम्ही त्यांना कधी..."

"रेडिओवर ऐकायचे. वडील झोपले की, आवाज बारीक करून. इंग्रजी फारसं कळायचं नाही मला. लोक हसायचे तेव्हा मीही हसायचे." तिनं पदरानं डोळे पुसतात तशी हॅटच्या फितीनं डोळ्यांची कड टिपली. "गावात लागलेल्या पोस्टरवर एडी पार लिहिलं होतं. मी त्याला बघायलाच आले होते. भेटायचं धाडस झालं नसतं."

ती आत गेली. एडीनं आरशात तिला पाहिलं आणि वेल्शमध्ये काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. मी दार लोटून घेतलं आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

त्याच आठवड्यात लोअरी त्याला घरी घेऊन गेली. स्टॉटनं दुसरा विनोदी नट आणला. त्याच्याबरोबर मी मोसम पुरा केला, पण तो प्रवेश केला नाही. पेंडलला मी फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर मला नीट सांगता आलं नाही. तो नाराज झाला, पण पुढच्या वर्षी त्यानंच मला एका मालिकेत नर्सचं दोन वाक्यांचं काम दिलं आणि तिथून माझं बरं चाललं. सांगलीला मी सप्टेंबरात फोन लावला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, "जेवतेस ना वेळेवर?"

हिवाळा सरता सरता लोअरीचा फोन आला, येऊन जा म्हणून. मी बसनं डोंगरात गेले. काळ्या दगडाच्या ढिगाऱ्यांखाली दोन रांगांत वसलेलं गाव. चॅपलच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांचा दुपारचा चहा होता. चाळीसएक माणसं, केकच्या बशा, ओल्या कोटांचा वास. एडी, म्हणजे इड्वल, भिंतीशी बसला होता. त्याचं इंग्रजी जवळजवळ गेलं होतं. मला त्यानं ओळखलं की नाही कोण जाणे, पण हात धरला आणि सोडला नाही.

चहा झाल्यावर कुणीतरी त्याला काहीतरी म्हटलं. तो उठला, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि बोलायला लागला. वेल्शमध्ये. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्या भाषेत त्यानं कधी विनोद केला नव्हता, आणि त्या गावासमोर तर लहानपणानंतर कधी उभाच राहिला नव्हता. पहिल्या वाक्याला दोघं-तिघं हसले. दुसऱ्याला खोली हसली. एक म्हातारा खोकता खोकता टेबलावर हात आपटू लागला.

"काय म्हणतायत?" मी लोअरीला विचारलं.

"थांब, सांगते," ती म्हणाली. "शेजारच्याचा बोकड..." आणि पुढे तिला बोलताच येईना. रुमाल तोंडावर धरून ती नुसती हलत होती.

नावं गेली होती, गावं गेली होती, सगळं रेडिओचं वैभव गेलं होतं. पण हशा कुठपर्यंत उतरू द्यायचा हे त्याला ठाऊक होतं. तो थांबला. भुवया किंचित वर गेल्या. सगळी खोली श्वास धरून बसली, एक शब्द न कळता मीही बसले. मग तो बोलला, आणि मी सगळ्यांच्या आधी हसले.